हौदातले मासे आणि आपला हिवताप

(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर राबून तुम्ही इथे आला आहात. म्हणून मी फार लांबण लावणार नाही. माझ्या हातात ही काचेची बरणी आहे. मागच्या मंडळींना दिसते ना? हे पाणी मी दिवेलागणीच्या वेळी शाळेमागच्या हौदातून आणले. पाणी कसे दिसते? स्वच्छ. वास नाही, गढूळपणा नाही. पण बरणी दिव्यासमोर धरली की पाण्यात बारीक किडे वळवळताना दिसतात. पाणी गाळताना हेच किडे फडक्यात अडकतात. आपण फडके झटकतो आणि विसरून जातो.

मी या बरणीत मोजून २० किडे ठेवले आहेत. आता त्यात एक मासा सोडतो. बोटाच्या पेराएवढाच आहे. ही बरणी इथे टेबलावर राहू द्या. माझे बोलणे संपले की आपण पुन्हा तिच्याकडे बघू.

मी तीस वर्षे हिवतापाच्या कामावर होतो. दारोदार हिंडायचे, ज्याला थंडी वाजून ताप आला असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि ती काच तपासणीला धाडायची, हे माझे काम. तेव्हा आज जे सांगणार आहे, त्यातले थोडे पुस्तकातले आहे आणि पुष्कळसे डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

ताप येतो कुठून?

पूर्वी लोकांना वाटे, की हा ताप खराब हवेने येतो. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी 'खराब हवा' असा आहे. १८८० साली लाव्हेरां नावाच्या फ्रेंच डॉक्टरांना अल्जीरिया देशात रोग्याच्या रक्तात या तापाचा जंतू दिसला. पण तो जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोडेच होते. ते कोडे आपल्या देशात सुटले. रोनाल्ड रॉस हे डॉक्टर सिकंदराबादेस होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या पोटात हा जंतू दिसला. पुढल्या वर्षी कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांवर प्रयोग केले आणि डासच हा रोग वाहून नेतो, हे दाखवून दिले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मग हे घडते कसे? डासाचा नर कोणाला चावत नाही. चावते ती मादी. अंडी घालायला तिला रक्त लागते. तापाच्या रोग्याला ती चावली, की रक्ताबरोबर जंतू तिच्या पोटात जातात. तिथे दहा-बारा दिवस ते वाढतात. मग ती दुसऱ्या माणसाला चावली, की जंतू त्याच्या अंगात शिरतात. आणखी दहा-पंधरा दिवसांनी त्या माणसाला हुडहुडी भरते. तीन-तीन गोधड्या घातल्या तरी थंडी जात नाही. मग ताप चढतो, डोके फुटायला येते, आणि घाम येऊन ताप उतरतो. माणसाला वाटते, बरे झाले. एक दिवस जातो आणि पुन्हा तोच प्रकार. दुखणे लांबले तर रक्त कमी होते आणि पोटात पानथरी वाढते. यातला एक प्रकार तर मेंदूवर जातो आणि थोड्या दिवसांत माणूस दगावतो.

डास पाण्यात जन्मतो. मादी पाण्यावर अंडी घालते. एकदोन दिवसांत त्यातून अळी निघते. बरणीत वळवळतात त्या ह्याच अळ्या. आठवडाभरात अळीचा कोष होतो आणि पुढे दोन दिवसांत कोष फोडून डास उडतो. उकाड्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत हे सारे आटोपते.

आता इथे नीट ऐका. सगळे डास हिवताप आणत नाहीत. गटारात वाढतात ते डास निराळे. हिवतापाच्या डासाला ॲनॉफिलीस म्हणतात. त्याची ओळख सोपी आहे. इतर डासांच्या अळ्या पाण्यात डोके खाली करून लोंबकळतात. याची अळी मात्र पाण्याच्या पाठीवर काडी तरंगावी तशी आडवी पडून असते. त्यातल्या एका जातीला स्टीफेन्सी असे नाव आहे. तिला गटार आवडत नाही. तिला आवडतो आपला हौद, आपली विहीर, आपली गच्चीवरची टाकी. आपण घाम गाळून जे पाणी भरून ठेवतो, त्याच पाण्यात ती वाढते.

मुंबईच्या विहिरी

ही गोष्ट मुंबईने फार पूर्वी अनुभवली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे घरोघर विहिरी होत्या. कोटाच्या भागात, म्हणजे जिथे बंगले आणि पेढ्या, तिथेच हिवताप फार. डॉ. बेंटली यांनी १९११ साली याची चौकशी करून अहवाल दिला. या डासांचे मोठे घर म्हणजे घराघरांतल्या विहिरी, असे त्यात निघाले. विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका, असे हुकूम सुटले. तेव्हा मोठा गलबला झाला. पारशी, हिंदू अशा अनेकांच्या दृष्टीने विहीर पवित्र. तिची पूजा व्हायची, तिच्यापाशी दिवा लागायचा. ती बुजवायची कशी? लोकांनी अर्ज केले, भांडले. आजही मुंबईत टाकीला डास शिरणार नाही असे झाकण असावे, असा नियम आहे.

हे मी का सांगतो? पाण्याचा प्रश्न आला की तो नुसता डासांचा राहत नाही. लोकांच्या भावनाही त्यात असतात. हे मी विसरलो होतो, आणि म्हणून माझ्या हातून चूक झाली. ती गोष्ट पुढे येईलच.

औषध फवारले, मग पुन्हा ताप का आला?

तुमच्यातल्या म्हाताऱ्या मंडळींना भिंतीवर डीडीटी फवारायला येणारी माणसे आठवत असतील. देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. १९५३ साली सरकारने मोठी मोहीम सुरू केली. घरोघर फवारणी झाली. ताप झपाट्याने उतरला. १९६५च्या सुमारास रोग्यांची संख्या लाखभरावर आली. सगळ्यांना वाटले, हिवताप गेला. काम ढिले पडले. इकडे पुष्कळ ठिकाणी डास औषधाला सरावले. ते मरेनात. १९७६ साली रोग्यांची संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली.

तेव्हा जाणत्यांच्या ध्यानात आले, की उडणाऱ्या डासाच्या मागे धावून भागणार नाही. तो पाण्यात असतानाच त्याला गाठला पाहिजे. पाण्यातली अळी पळून पळून जाणार कुठे?

यावर सोपा उपाय सांगतात तो 'कोरडा दिवस'. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, वाळवायची. रांजण, माठ, पिंप, बादली यांना हा उपाय उत्तम. पण मला सांगा, ज्या गावाला आठ दिवसांनी नळ येतो, टँकर आला तर येतो, तिथल्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू, की मावशी, भरलेला हौद ओतून द्या? ती मलाच हौदात बुडवील.

म्हणून जिथे पाणी ओतून देता येत नाही, तिथे मासा.

गप्पी मासा

बरणीतल्या माशाचे नाव गप्पी. गप्पा मारतो म्हणून गप्पी नव्हे! वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर गप्पी नावाचे एक गृहस्थ होते, त्यांच्यावरून हे नाव पडले. मूळचा हा मासा तिकडचा. याचा एक भाऊबंद आहे, गंबुसिया. तो मूळचा अमेरिकेचा, १९२८ साली इटलीहून आपल्याकडे आणला. आपल्या मातीतलेही असे मासे आहेत. त्यातल्या एकाच्या डोक्यावर चांदीसारखा ठिपका असतो. विहिरीत, तळ्यात तुम्ही तो पाहिला असेल. गोव्यात अशाच एका देशी माशाचा आणि अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचा प्रयोग याच स्टीफेन्सी डासावर करून पाहिला. त्याचा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला.

गप्पीचा नर इंचभर, मादी दोन इंचांपर्यंत. तोंड वरच्या बाजूला वळलेले, म्हणून पाण्याच्या पाठीवरचे तो चटकन टिपतो. मोठा गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो, असे आरोग्य खाते सांगते. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिले देते, आणि तेही साधारण महिन्या-महिन्याला. त्यामुळे एकदा सोडलेले मासे आपोआप वाढतात. विकत घ्यावे लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी गप्पी पाळलेले असतात आणि फुकट मिळतात.

माझी चूक

आता ती गोष्ट. १९९०च्या सुमाराची. पठारावरचे एक गाव. गावाचे नाव सांगत नाही. वेशीपाशी मोठा सार्वजनिक हौद. सारे गाव त्यावर पाणी भरी. मी लांब दांड्याच्या पळीने पाणी काढून पाहिले, तर एकेका पळीत दहा-दहा अळ्या. मी ज्येष्ठ महिन्यात बरणीभर गप्पी घेऊन गेलो. हौदावर एक आजी पाणी भरत होत्या. गळ्यात तुळशीची माळ. त्या म्हणाल्या, "आरं लेका, आम्ही माळकरी मानसं. आमच्या पान्यात मासळी सोडतोस व्हय?"

मी म्हणालो, "आजी, कोणी खायला सांगत नाही. ते किडे खातील."

"मग त्या किड्यांच्या जिवाचं पाप कुनाला?"

मी हसलो. मला तो प्रश्न खुळचट वाटला. उत्तर न देता मी मासे सोडले आणि सायकलला टांग मारून पुढल्या गावी गेलो. गावाला विचारले नाही. सरपंचांना सांगितले नाही. पाणी सोडणाऱ्या माणसालाही सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी त्या माणसाने नेमाप्रमाणे हौदात टीसीएल पावडर टाकली. त्याने त्याचे काम चोख केले. पण त्या औषधाने मासे जगत नाहीत. सकाळी बायका पाण्याला गेल्या तो हौदावर मेलेले मासे तरंगत होते. गावात एकच ओरड झाली. सारा हौद उपसून टाकला, आणि तोही ऐन टंचाईत! मी पुन्हा गेलो तेव्हा कोणी मला उभे करीना. झाकणाचे बोललो, तेही कोणी ऐकेना.

श्रावणात ताप आला. घरटी एकेक माणूस अंथरुणावर. त्या आजींची सून सहा महिन्यांची गरोदर होती. तिलाही ताप आला. गावात माझ्याकडून रक्त तपासून घ्यायलाही लोक तयार नव्हते. तिला दवाखान्यात न्यायला आठ दिवस उशीर झाला. सून वाचली. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले आणि राहिले नाही.

तिला चावलेला डास त्याच हौदातला होता का? कोण सांगणार? पण मी त्या गावाचा विश्वास घालवला नसता, तर तिचे रक्त पहिल्या दिवशीच तपासले गेले असते. एवढे मला पक्के ठाऊक आहे. ते ओझे मी अजून वाहतो.

पुढल्या वर्षी मी चावडीवर जाऊन नुसता बसलो. बरणी नेली नव्हती. आजी आल्या. म्हणाल्या, "औंदा मासं आनलं न्हाईस?"

मी म्हणालो, "आजी, तुमची माळ?"

"माळ गळ्यात हाय. मासं हौदात ऱ्हातील. कुनी खायाचं न्हाई, एवढं बघ. पापाचं मी बघून घेईन."

मग गावाची बैठक झाली. त्यात असे ठरले. पिण्याच्या पाण्याची टाकी निराळी. तिला घट्ट झाकण, तोंडाला जाळी, आणि तिच्यात टीसीएल. गुरांचा आणि धुण्याचा हौद निराळा. त्यात मासे. पाणी सोडणारा माणूस हौदाचा राखणदार, आणि शाळेतली दोन मुले दर शनिवारी पळीने पाणी काढून अळ्या मोजणार. महिन्याने मुलांना एकही अळी सापडेना. त्या वर्षी ताप बराच उतरला. तो सारा माशांनीच उतरवला, असे मी म्हणणार नाही. झाकणे बसली होती, फवारणी झाली होती, आणि लोक तापाच्या पहिल्या दिवशी रक्त द्यायला येत होते. सगळ्यांनी मिळून ते झाले.

मासे कसे सोडावे, कसे राखावे

मासे नेताना रुंद तोंडाचे भांडे घ्या. ते अर्धेच भरा. सकाळच्या गारव्यात न्या. हौदावर गेल्यावर मासे एकदम ओतू नका. भांडे थोडा वेळ हौदाच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग हौदातले थोडे थोडे पाणी त्यात घाला. एकदम गार-गरम झाले की मासा दचकतो, मरतोही.

हौदाच्या लांबीच्या दर मीटरला ५ ते १० मासे पुरतात. त्यात नर आणि माद्या दोन्ही असू द्या. मादी मोठी आणि फिकट, नर लहान आणि रंगीत.

हौद तळापर्यंत उपसू नका. नळाच्या पाण्यात औषध असते. जुने पाणी थोडे राखून त्यात नवे सोडले तर मासे तगतात. विहिरीत टीसीएल टाकायची असेल, तर आधी काही मासे जाळीने काढून दुसऱ्या हौदात ठेवा. औषधाचा वास गेला, की पहिल्यांदा दोनच मासे सोडून पाहा. ते दिवसभर जगले तर बाकीचे सोडा.

पाण्यावर शेवाळ आणि पाला माजू देऊ नका. त्याखाली अळ्या लपतात आणि माशाला सापडत नाहीत. हौदात भाकरीचे तुकडे टाकू नका. पोट भरलेला मासा अळी कशाला खाईल?

आणखी एक. गप्पी आणि गंबुसिया नदीत, ओढ्यात, तळ्यात मुळीच सोडू नका. ते परके मासे आहेत. देशी माशांची अंडी आणि पिले खातात. मग अळ्या खाणारे आपले मासे जातात आणि भोयांच्या जाळ्यातली मासळीही कमी होते. हे मासे हौद, टाकी आणि बंद विहीर यांच्यापुरतेच.

माशाने काय होत नाही

मासा म्हणजे जादू नव्हे. शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणचे प्रयोग एकत्र ठेवून २०१३ साली आणि पुन्हा २०१७ साली तपासले. माशांनी पाण्यातल्या अळ्या कमी होतात, असे दिसले. पण माणसांचा ताप त्याने किती कमी होतो, हे सांगायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. म्हणून नुसते मासे सोडून निजू नका. गडचिरोलीसारख्या जंगलाच्या मुलखात हिवतापाचा डास ओढ्यांत आणि भातखाचरांत वाढतो. तिथे हौदातला मासा काय करणार? तिथे औषधी मच्छरदाणी हवी. रांजण आणि पिंपात मासे नकोत. ते आठवड्याला घासा आणि झाकून ठेवा. असे केले तर डेंग्यूचा डासही आटोक्यात राहतो.

आणि ताप आला तर? आशाताईला हाक मारा किंवा आरोग्य केंद्रात जा. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. तपासणी आणि गोळ्या तिथे फुकट मिळतात. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. सांगितल्या तितक्या सगळ्या घ्या. घरात गरोदर बाई असेल तर एक दिवसही थांबू नका.

मंडळी, आता बरणीकडे बघू. ताई, तुम्ही पुढे या आणि मोजा. किती अळ्या राहिल्या? तीन. वीसातल्या सतरा गेल्या, एवढ्या वेळात. राहिलेल्या तीनही रात्री उरणार नाहीत.

उद्या सकाळी पाणी भरण्याआधी आपापल्या हौदात डोकावून बघा. काय दिसते ते पुढच्या वर्गात फळ्यावर लिहा. लिहिता येते आहे ना आता? मग लिहाच. आणि मासे सोडायचे ठरले, तर आधी आळीतल्या सगळ्यांना विचारा आणि पाणी सोडणाऱ्या दादांना सांगा. मग सोडा.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. हिवतापाच्या डासाची अळी पाण्यात कशी पडून असते?
२. टीसीएल टाकण्याआधी माशांची काय व्यवस्था करावी?
३. गप्पी मासे ओढ्यात का सोडू नयेत?
४. भाषण करणाऱ्याची चूक कोणती? तुम्ही त्याच्या जागी असता तर आजींना काय उत्तर दिले असते?